डब्यातलं मीठ

"मीठ कोण पाठवतं हो आई डब्यात? तुम्हीच सांगा. कोकम पाठवतात, वाल पाठवतात, काय नाय तर चार चिंचा टाकतात. मीठ?"

मृणालीने स्टीलचा डबा इंदुबाईंच्या समोर धरला होता. तळाला दोन मुठी जाड मीठ होतं. भांडण थर्मासच्या हरवलेल्या झाकणावरून सुरू झालं होतं आणि दहा मिनिटांत या डब्यापाशी येऊन अडलं होतं.

"असेल त्यांच्याकडे जास्तीचं," इंदुबाई म्हणाल्या. "म्हातारी बाई. सुचलं ते घातलं."

"म्हातारी हायत म्हणूनच म्हणते. तरण्या पोरीला कळणार नाय एकवेळ. दुसऱ्याच्या घरात मीठ धाडायचं नसतं, भांडणं लागतात. आमचं माहेर मिठागरावरचं. दारात मिठाच्या राशी असतात, पण शेजारणीला चिमूटभर हवं तर तिने येऊन स्वतःच्या हाताने घ्यायचं. आम्ही वाढत नाय."

"मग लागलं ना भांडण," तिचा नवरा हर्षद ताटावरून म्हणाला. "मीठ बरोबर काम करतंय." सकाळी त्याची फर्स्ट शिफ्ट होती, पहाटेची बस चुकवून चालणार नव्हतं. कुणी हसलं नाही म्हणून त्याने आणखी भात घेतला.

मृणाली म्हणाली, रोह्याच्या त्या कृष्णाबाईंच्या मनात आपल्याबद्दल काहीतरी आलेलं दिसतंय. असल्या माणसाला माल कशाला पाठवायचा? पुढच्या गुरुवारपासून रोह्याची ऑर्डर बंद करू. तेवढ्या सहा नानकटया नि थर्मासभर कॉफी गेली नाही तर काही बिघडत नाही.

तोवर इंदुबाई पदराला हात पुसत होत्या. त्यांचे हात थांबले. "तसं नको करूस गो," त्या म्हणाल्या. "मी विचारते त्यांना." आणि आत जाऊन पंख्याखाली बसल्या. घरात इतर कुणाच्या ते लक्षात आलं नाही, पण रोह्याची ऑर्डर बंद होणं म्हणजे इंदुबाईंचा गुरुवार बंद होणं होतं, आणि आठवड्यात त्यांच्याकडे दुसरा वार नव्हता.

इंदुबाई मूळच्या गागोद्याकडच्या. माहेरी भात आणि वाल. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पेणेत आल्या. नवरा पंचायतीत शिपाई. पगार पुरायचा नाही म्हणून त्या एका व्यापाऱ्यासाठी घरी बसून पापड लाटायच्या, वीस-बावीस वर्षं. दुपारभर पाच-सहा बायका पुढच्या खोलीत पोळपाट घेऊन बसत. कुणाच्या सासूचं, कुणाच्या सवतीचं, कुणाच्या गाभण म्हशीचं, सगळं त्या खोलीत बोललं जायचं. इंदुबाईंचं लाटणं वेगात चालायचं नि तोंड त्याहून वेगात. मग मशीन आलं. बायका एकेक करून सुटल्या. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला.

त्याच पुढच्या खोलीत आता मृणालीचं कॉफी नि केकचं दुकान होतं. तिने मोबाइलवर क्लास करून बेकिंग शिकून घेतलं होतं. आधी घरून वाढदिवसाचे केक दिले, मग रस्त्याकडची भिंत फोडून काउंटर काढला, कॉफीचं मशीन आणलं, बाहेर दोन बाकडी टाकली. कॉलेजातल्या मुली येत, बँकेतली माणसं येत. मुलगी कष्टाळू होती, तोंडाने स्पष्ट होती, आणि सासूला कधी उपाशी ठेवत नव्हती. फक्त स्वयंपाकघरात आता ओव्हन होता, मोजायचे काटे होते, बटर पेपरच्या गुंडाळ्या होत्या, आणि इंदुबाईंनी कुठे उभं राहावं हे कळत नव्हतं. उभ्या राहिल्या की मृणाली म्हणायची, "आई, जरा बाजूला व्हा हां, गरम हाय." दिवसातून पंधरा-वीस वेळा. त्या बाजूला व्हायच्या. शेवटी बाजूलाच राहायला लागल्या.

सुरुवातीला त्यांनी सांगून पाहिलं होतं. नानकटईत थोडा रवा घाल, तूप फेसताना घाई करू नको. मृणाली म्हणाली, रेसिपीत तसं नाही. इंदुबाईंनी सांगणं सोडलं.

कृष्णाबाई आल्या त्या गेल्या जूनमध्ये. पेणेत डोळे दाखवायला आल्या होत्या, परत जाताना काउंटरवर थांबल्या. मशीनची कॉफी एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, दुधात उकळून जायफळ घातलेली मिळत नाही का? मृणाली केकच्या फ्रॉस्टिंगमध्ये गुंतली होती. इंदुबाईंनी आत जाऊन ती कॉफी करून आणली. कृष्णाबाईंनी ती बशीत ओतून प्यायली, दोन नानकटया खाल्ल्या, आणि म्हणाल्या की ही कॉफी आणि या नानकटया मला दर गुरुवारी रोह्याला पाठवाल का? एकटी राहते, गुडघ्यामुळे बाहेर पडणं होत नाही.

मृणालीने हर्षदला विचारलं. तो रोज रोह्याच्या कंपनीतच जायचा. तो म्हणाला, मी काय डबेवाला हाय? शिफ्टची बस कंपनीच्या दारात सोडते, गावात नाही. तेव्हा इंदुबाई म्हणाल्या, मी नेते. सकाळी पेणेहून पॅसेंजरने बसायचं, कासू, नागोठणं, निडी करत रोह्याला उतरायचं, दुपारच्या गाडीने परत. घरातल्यांना वाटलं, दोन आठवडे जातील आणि थकतील.

त्या थकल्या नाहीत. दर गुरुवारी मृणाली त्यांच्यासाठी थर्मास भरायची, डबा फडक्यात बांधायची, आणि दारापर्यंत येऊन सांगायची, नीट जा, गाडी थांबल्याशिवाय उतरू नका. परत आल्यावर चपला काढायच्या आत विचारायची, काय म्हणाल्या कृष्णाबाई?

आणि कृष्णाबाई पुष्कळ काही म्हणायच्या. रात्री जेवताना ते सगळं निघायचं. त्यांच्याकडे पोपट होता. सुनेने दिवाळीला पाठवलेली साडी त्यांनी सुनेलाच परत नेसायला दिली होती. त्यांच्या मते कॉफी-अक्रोडाच्या केकमध्ये अक्रोड करपट लागत होते, कमी भाजायला हवेत. नानकटई जरा घट्ट झाली होती, रवा घालून बघा. मृणाली हे वहीत लिहून घ्यायची, कारण गिऱ्हाईक सांगत होतं. अक्रोड कमी भाजले, तर केक खरंच सुधारला. रवा घातला, तर नानकटईची ऑर्डर दुप्पट झाली. बाहेरच्या पाटीवर तिने रंगवून घेतलं, 'रोह्यालाही घरपोच'. मृणालीची दहा वर्षांची लेक दिशा पोपटाची चौकशी करायची. हर्षदसुद्धा मोबाइल खाली ठेवून म्हणायचा, "काय मग, तुझ्या रोहेकरणीची काय खबर?"

डबा कधी रिकामा आला नाही. कुणाचा डबा आला की धुऊन तसाच परत करायचा नाही, त्यात काहीतरी घालून द्यायचं, हे इकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. कृष्णाबाईंच्या डब्यातून कोकम यायचं, चिंच यायची, एकदा कडवे वाल, एकदा जांभळं. मार्च सरता सरता आलं ते मीठ.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी मृणालीने काउंटर उघडण्याआधी ते मीठ टाकून द्यायला उचललं. टाकायच्या आधी तिने दोन खडे हातावर घेतले. करडसर, तुरीच्या दाण्याएवढे, आणि एका कडेला चिखलाची बारीक काळी रेघ. ती मिठागरावर वाढलेली होती. पाकिटातलं मीठ असं नसतं, आणि रोह्याच्या बाजारात हे मिळत नाही. मागच्या पडवीत तिने शिमग्याला माहेरून स्वतःच्या हाताने भरून आणलेल्या मिठाची बरणी होती. तिने झाकण काढलं. बरणी दोन मुठींनी उतरली होती, आणि मीठ काढायची करवंटी आतल्याऐवजी बाहेर फरशीवर पडली होती.

म्हणजे मीठ रोह्याहून आलंच नव्हतं. घरातलं मीठ घरातच आलं होतं.

तिने हर्षदला कंपनीत फोन केला. हर्षद म्हणाला, आई विसरायला लागली असेल. डब्यात काय होतं ते आठवलं नसेल, वय झालंय, डॉक्टरला दाखवू. मृणालीला ते पटलं नाही. इंदुबाई गॅसचा नंबर तोंडपाठ सांगायच्या. तिचा अंदाज वेगळा होता. कृष्णाबाईंनी काही घालायचं बंद केलं असणार, आणि आई त्यांची अब्रू झाकतायत. मागच्या खोलीत गृहपाठ करणाऱ्या दिशाने आपला तर्क सांगितला. डब्यातलं पोपट खातो. मग आजी काय करणार?

"तू एकदा जाऊन ये त्यांच्याकडे," मृणाली हर्षदला म्हणाली. "पत्ता माझ्याकडे लिहिलेला हाय. आईंना काय विचारू नको."

शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर हर्षद एका सोबत्याच्या मोटारसायकलवरून रोह्यातल्या अष्टमीकडे गेला. निळ्या फाटकाचं बैठं घर सापडलं. दाराला कुलूप होतं. कुलपावर गंज होता. अंगणात पाला साचला होता, फक्त दारापुढची पायरी झाडलेली होती.

शेजारच्या घरी निशिगंधा नावाची मुलगी कपडे वाळत घालत होती. तिने सांगितलं की कृष्णाबाईंना दिवाळी झाल्यावर त्यांचा मुलगा नाशिकला घेऊन गेला. एका दिवसात ठरलं. पोपट पिंजऱ्यासकट गाडीत घातला. परत यायच्या नाहीत, घर विकायचं चाललंय. फोन त्या वापरत नसत.

मग तिने हर्षदकडे नीट पाहिलं. "तुम्ही पेणच्या काकूंचे का?"

हर्षदने मान डोलावली.

"दर गुरुवारी येतात त्या. पायरी झाडतात, बसतात. कॉफी बशीत ओतून पितात, काहीतरी खातात. आम्ही किती वेळा म्हटलं, काकू, आत या, पंख्याखाली बसा. तर म्हणतात, नको गो, माझी गाडी हाय. आणि गाडीला तर अजून दोन तास असतात."

परत येताना हर्षदने गाडीत जागा असून दारापाशी उभं राहून प्रवास केला. घरी पोचला तेव्हा मृणाली मुलींच्या घोळक्याला कोल्ड कॉफी देत होती. त्याने काउंटरच्या आतल्या बाजूने तिच्या कानात सांगितलं. तिच्या हातातला ग्लास भरून बाहेर सांडला. मुली हसल्या. तिने फडकं घेऊन पुसलं आणि पुढची ऑर्डर विचारली.

काउंटर बंद झाल्यावर सगळे जेवायला बसले. हर्षदने वाढून घेतलं आणि सरळ म्हणाला, "आई, मी रोह्याला जाऊन आलो. कुलूप हाय तिथे."

इंदुबाईंनी वरणाची वाटी खाली ठेवली. नाकारलं नाही, रडल्या नाहीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी गेल्या तेव्हा कुलूप दिसलं. शेजारणीने सांगितलं. आधी त्या तशाच स्टेशनवर परतणार होत्या. पण कॉफी हातात होती, गाडीला वेळ होता, म्हणून पायरीवर बसल्या. आदल्या गुरुवारपर्यंत त्या दोघी त्या दाराच्या आत बसायच्या. कृष्णाबाई अर्धी कॉफी त्यांच्या बशीत ओतायच्या, आणि दोघी बोलत बसायच्या. नाशिकचं त्या बोलल्या नव्हत्या. त्यांनाच ठाऊक नसणार. इंदुबाई कॉफी पिऊन उठल्या. येताना ठरवलं होतं की घरी सांगून टाकायचं, ऑर्डर संपली. घरी आल्या, आणि चपला काढायच्या आत मृणालीने विचारलं, काय म्हणाल्या?

"मी म्हटलं, गुडघा दुखतोय म्हणाल्या. नि नानकटई घट्ट झालीय."

त्यानंतर दर गुरुवारी काहीतरी सांगावं लागत होतं. त्या गाडीत बसून ते जुळवायच्या. ऑर्डरचे पैसे नवऱ्यामागे मिळणाऱ्या पेन्शनमधून द्यायच्या, डब्यात घालायला रोह्याच्या बाजारातून काहीतरी विकत घ्यायच्या. त्या गुरुवारी गाडी निडीला अडकली. रोह्याला उतरल्या तेव्हा परतीच्या गाडीची वेळ झाली होती. बाजारात गेल्याच नाहीत, नानकटया परतीच्या गाडीतच संपवल्या. घरी मागच्या दाराने आल्या, डबा रिकामा होता. रिकामा डबा हातात घेऊन घरात शिरवेना. पडवीत बरणी समोर होती.

"मिठाचं तुम्हाला म्हायीत नव्हतं काय?" मृणालीने विचारलं.

"म्हायीत कसं नाय. कुणाच्या घरात मीठ धाडीन काय मी? पण ते घरातलं घरातच होतं. कुणाला देते असं वाटलंच नाय."

मृणाली पोळी मोडत राहिली. तिला एकेक आठवत होतं. तिने वही आणली. दिवाळीनंतरची पानं उलटली.

"अक्रोड कमी भाजायचे, हे तुम्ही सांगितलं?"

"व्हय."

"नानकटईत रवा?"

"व्हय."

"कॉफीत दूध आधी आटवायचं?"

"व्हय."

"मग मला घरात का नाय सांगितलं आई? मी गिऱ्हाईक समजून लिहून घेत बसले."

"सांगितलं होतं. रव्याचं सांगितलं होतं. तू म्हणालीस, रेसिपीत नाय."

हर्षदला हसू फुटलं, पण मृणालीकडे पाहून त्याने ते पाण्याबरोबर गिळलं. मृणालीचं तोंड लाल झालं होतं. तिला राग आला होता हे खरं, पण कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं. पाच महिने आपण दारात उभं राहून, नीट जा म्हणून, सासूला कुलपाकडे धाडत होतो. आणि बाहेर पाटीवर रोहा रंगवून ठेवलं होतं.

"आजी," दिशा म्हणाली, "पोपट होता ना?"

"होता. दिवाळीपर्यंत होता."

"मग माझं नाव बोलायला शिकला ते?"

ते सांगितलं तो जानेवारीतला गुरुवार होता. इंदुबाईंनी नातीच्या ताटात भाजी वाढली. दिशा ताटाकडे बघत भाजी चिवडू लागली.

मग घरातल्यांनी एकदम चांगलं वागायला सुरुवात केली. हर्षद म्हणाला की आता उन्हातान्हात जायची गरज नाही, कुठे घसरलीस बिसरलीस तर काय. काउंटरवर बस, माणसं येतात, बोलायला मिळेल. मृणाली म्हणाली, रोज चारला मी तुमच्यासाठी जायफळाची कॉफी करीन, दोघी बसून पिऊ. तिने ते मनापासून म्हटलं. वाक्य पुरं होतंय तोच तिचा फोन वाजला. रविवारचा केक होता, दोन किलो, वर नाव घालायचं होतं. ती एक बोट वर करून, एक मिनिट आई, अशी खूण करत बाहेरच्या खोलीत गेली. तिथून तिचा आवाज येत होता, ती विचारत होती की 'भूमिका'तला भू दीर्घच ना? हर्षदच्या मोबाइलवर पुढच्या आठवड्याच्या शिफ्टचा मेसेज आला. तो वाचता वाचता त्याने बहीण-भावांच्या ग्रुपवर काहीतरी पाहिलं आणि तिथेच राहिला. दिशा टीव्हीसमोर गेली.

इंदुबाई ताटापाशी एकट्या उरल्या. त्या काउंटरवर बसल्या असत्या तर काय झालं असतं हे त्यांना ठाऊक होतं. मुली येतात, मोबाइलवर पैसे देतात, कप उचलतात नि बाकड्यावर जाऊन आपल्या मोबाइलमध्ये बघतात. चारची कॉफीही त्यांना ठाऊक होती. पहिले तीन दिवस होईल. चौथ्या दिवशी चारला ओव्हनमध्ये काहीतरी असेल. यात कुणाची चूक नव्हती. मृणाली दोन किलोचा केक सोडून त्यांच्यासमोर बशी घेऊन बसावी, असं त्यांनाही वाटत नव्हतं.

गाडीत मात्र त्या कुणाच्या वाटेत नसायच्या. खिडकीपाशी बसायच्या. कासूला चढणाऱ्या भाजीवाल्या त्यांना सरकून जागा द्यायच्या. त्या पायरीवर कुणी त्यांना बाजूला व्हा म्हणायचं नाही. पाच महिन्यांत तिथे त्यांनी काय केलं, तर काहीच नाही. कॉफी प्यायल्या आणि दोन तास बसल्या. घरी परत येताना आतून जरा रिकामं वाटायचं, आणि ते रिकामं त्यांचं स्वतःचं असायचं.

त्यांनी सगळ्यांची ताटं उचलली, खरकटं काढलं, ओटा पुसला. मृणाली फोन संपवून आत आली आणि म्हणाली, "हां आई, काय म्हणत होते मी?"

"चारच्या कॉफीचं," इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी हात पुसले आणि हर्षद मोबाइल खाली ठेवीपर्यंत थांबल्या. दिशाला टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला.

"मी गुरुवारी रोह्याला जाणार," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी. ऑर्डर नाय, काय नाय, तशीच जाणार. सकाळच्या गाडीने जाईन, संध्याकाळी येईन. दुपारचा भात मृणाली, तू लावायचास. दिशाला शाळेतून हर्षद आणेल, नायतर तुम्ही काय ते बघा."

आणि त्या झोपायची गादी घालायला आतल्या खोलीत गेल्या.